स्वातंत्र्यानंतरचा भारत: राजकारण आणि अर्थकारण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, इतिहास शिकवणारे शिक्षक आणि निवृत्तीनंतर पुन्हा वाचनाकडे वळलेली मंडळी यांच्याकडून वर्षानुवर्षं येत राहिलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका असते: आधी मताचा हक्क आणि मग समृद्धी, हा उलटा वाटणारा क्रम भारताने का धरला आणि त्याची किंमत कोणी मोजली? म्हणून राजकारण आणि अर्थकारण इथे वेगळं काढलेलं नाही. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागते तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंग्रज गेले तेव्हा आपल्या हातात नेमकं काय आलं?

रेल्वे, टपाल खातं, न्यायालयं, सैन्य, जमशेदपूरचा पोलाद कारखाना, मुंबई-अहमदाबाद-सोलापूरच्या कापडगिरण्या आणि घडी बसलेली नोकरशाही ही जमेची बाजू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारताकडून माल आणि सेवा उधारीवर घेतल्या होत्या. त्यापोटी शंभर कोटी पौंडांहून अधिक रक्कम लंडनमध्ये आपल्या नावे होती. पण ती हवी तेव्हा उचलता येत नव्हती, वाटाघाटी करून टप्प्याटप्प्याने सोडवून घ्यावी लागली.

दुसरी बाजू फार जड होती. १९५१च्या जनगणनेत ३६ कोटी लोकसंख्या, त्यात साक्षर सुमारे १८ टक्के, सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास. विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत माणशी उत्पन्न जवळपास जागच्या जागी राहिलं होतं. त्यात फाळणी झाली. ताग पिकवणारी शेतं पूर्व बंगालात गेली आणि ताग गिरण्या कलकत्त्याला राहिल्या. पंजाबातला कालव्याखालचा मोठा सुपीक पट्टा पाकिस्तानात गेला. लाखो निर्वासित मात्र इकडे आले, आणि त्यांच्या पोटाची सोय पहिल्या दिवसापासून करायची होती.

२. १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, हे खरं का?

नाही. रुपया पौंडाला बांधलेला होता, १ शिलिंग ६ पेन्स या दराने. त्या हिशेबाने एका डॉलरला सुमारे ३ रुपये ५ आणे पडत. सप्टेंबर १९४९मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, त्याबरोबर रुपयाही घसरला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांच्या दराला गेला. ६ जून १९६६ रोजी तो ७ रुपये ५० पैसे झाला. ‘तेव्हा देशावर कर्ज नव्हतं म्हणून रुपया डॉलरच्या बरोबरीने होता’ असं हा दावा करणाऱ्या फिरत्या निरोपात पुढे लिहिलेलं असतं. कर्ज असणं-नसणं यावरून चलनाचा दर असा ठरत नाही.

३. संस्थानं सगळी १५ ऑगस्टलाच भारतात आली का?

बहुतेक आली, सगळी नाही. संस्थानं होती ५६०हून अधिक. सरदार पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी आधी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण या तीनच विषयांपुरती सामीलनाम्यावर सही मागितली. पूर्ण विलीनीकरण मागाहून झालं. कोल्हापूर मुंबई प्रांतात आलं ते मार्च १९४९मध्ये. जुनागढ, काश्मीर आणि हैदराबाद ही तीन प्रकरणं वेगळी. हैदराबादेत सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई करावी लागली. १३ तारखेला ती सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हणून मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबर.

संस्थानिकांना बदल्यात तनखे मिळाले. ते १९७१मध्ये २६व्या घटनादुरुस्तीने बंद झाले.

४. शंभरातले ऐंशी लोक निरक्षर असताना सगळ्यांना एकदम मताधिकार का दिला? आधी शिक्षण, मग मतदान असं का नाही केलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बऱ्याचदा तो विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं. उत्तर असं की ‘आधी लायकी, मग हक्क’ ही मांडणी इंग्रजांची होती. १९३५च्या कायद्याखाली मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून मत मिळे, त्यामुळे बहुसंख्य प्रौढ बाहेर राहत. त्याविरुद्धची मागणी जुनी होती. १९२८च्या नेहरू अहवालात प्रौढ मताधिकार होता, आणि त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे तो मागितला होता. त्यांचा मुद्दा सरळ होता: ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच मताची गरज सर्वांत जास्त असते.

पहिली निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली. मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख. मुख्य निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर त्याचं चिन्ह लावलं. शिक्का मारायचा नाही, काही लिहायचं नाही, मिळालेला कागद आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायचा. यातल्या कितीतरी लोखंडी पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या.

याद्या करताना एक वेगळाच पेच आला. उत्तरेकडच्या अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. यादीत ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी आल्या. सेन यांनी त्या मान्य केल्या नाहीत. स्वतःचं नाव द्या, नाहीतर नाव निघेल, असं सांगितलं आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं खरोखर वगळली. हा निर्णय कठोर वाटतो. पण राज्याच्या कागदावर बाईने नवऱ्याची किंवा मुलाची सावली होऊन येऊ नये हा आग्रह मला आजही योग्यच वाटतो.

त्या निवडणुकीत काँग्रेसला ४८९पैकी ३६४ जागा मिळाल्या आणि मुंबईत स्वतः आंबेडकर पराभूत झाले. मताधिकाराचं वय तेव्हा २१ होतं, १९८९मध्ये ते १८ झालं.

५. राखीव जागा फक्त दहा वर्षांसाठी होत्या ना?

दहा वर्षांची मुदत कलम ३३४मध्ये आहे आणि ती फक्त लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव मतदारसंघांना लागू होती. ती दर दहा वर्षांनी वाढत गेली, सध्या २०३०पर्यंत आहे. शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला घटनेने अशी मुदत कधीच घातलेली नव्हती. ती तरतूद कलम १५ आणि १६मध्ये आहे. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यामुळे हा गैरसमज पसरतो.

६. भाषावार राज्यांना दिल्लीचा विरोध का होता? मुंबईचा वाद भाषेचा होता की पैशाचा?

काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या १९२०पासूनच भाषेप्रमाणे बांधल्या होत्या. पण फाळणी डोळ्यांदेखत झालेल्या नेत्यांना आणखी तुकडे पडण्याची धास्ती होती. स्वतंत्र तेलुगू राज्यासाठी उपोषणाला बसलेल्या पोट्टी श्रीरामुलू यांचा १५ डिसेंबर १९५२ रोजी मृत्यू झाला आणि दिल्लीला नमावं लागलं. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झालं. राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ला आली, पण मुंबई द्विभाषिकच ठेवली.

वाद दोन्हींचा होता. मुंबईचं बंदर, गिरण्या, बँका आणि शेअर बाजार कोणाच्या राज्यात जाणार ही भांडवलवाल्यांची चिंता होती. दुसरीकडे त्या गिरण्यांत राबणारा कामगार मराठी होता आणि आपल्याच भाषेत राज्यकारभार हवा ही त्याची मागणी होती. चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. रिझर्व्ह बँकेचा हा पहिला भारतीय गव्हर्नर, पहिल्या योजनेच्या काळातला अर्थमंत्री, आणि त्याने पद सोडलं ते राज्याच्या सीमेसाठी. शंभराहून अधिक हुतात्मे झाले, १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर फटका दिला, आणि १ मे १९६० उजाडला.

भाषावार राज्यांमुळे देश फुटला नाही. तालुक्याच्या कचेरीत साध्या माणसाला आपल्या भाषेत अर्ज करता आला, आणि लोकशाही त्याच्या आवाक्यात आली.

७. पंचवार्षिक योजना म्हणजे रशियाची नक्कल होती का?

कल्पना तिथली, राबवण्याची पद्धत इथली. सोव्हिएत युनियनमध्ये शेतं सरकारजमा झाली. भारतात ती शेतकऱ्यांच्याच नावावर राहिली आणि योजना संसदेत मांडली गेली. शिवाय सरकारने पुढाकार घ्यावा असं त्या काळी उद्योगपतीही म्हणत होते. जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला आणि इतर काहींनी १९४४मध्ये मांडलेल्या ‘बॉम्बे प्लॅन’मध्ये हेच आहे. अवजड उद्योगांत गुंतवायला लागणारं भांडवल खासगी हातात तेव्हा नव्हतं.

नियोजन आयोग १५ मार्च १९५०ला नेमला गेला. पहिल्या योजनेचा भर शेती आणि पाटबंधाऱ्यांवर होता. वाढीचं लक्ष्य २.१ टक्के होतं, प्रत्यक्षात ३.६ टक्के गाठलं. दुसरी योजना प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या आराखड्यावर उभी राहिली: आधी पोलाद आणि यंत्रं बनवणारे कारखाने, मग बाकीचं. भिलाई रशियाच्या मदतीने, राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या. आपल्याकडे पिंपरीला सरकारी पेनिसिलीनचा कारखाना याच दशकात सुरू झाला.

यात मराठी माणसाचा मोठा वाटा धनंजयराव गाडगीळांचा. पुण्याच्या गोखले संस्थेचे हे अर्थतज्ज्ञ १९६७पासून नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं सूत्र त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. त्याआधी विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यात ते होते. सरकारी आणि खासगी यांच्या मधली सहकाराची वाट त्यांनी प्रत्यक्ष घालून दाखवली. आयोग २०१५मध्ये गेला, नीती आयोग आला. बारावी योजना ही शेवटची.

८. राज्यघटनेत ‘समाजवादी’ हा शब्द पहिल्यापासून होता का?

नव्हता. घटना समितीत के. टी. शहांनी तशी दुरुस्ती सुचवली होती. कोणती अर्थव्यवस्था हवी ते पुढच्या पिढ्यांनी ठरवावं, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असं सांगून आंबेडकरांनी ती नाकारली. हा शब्द उद्देशिकेत आला तो आणीबाणीत, १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने.

९. ‘लायसन्स-परमिट राज’ची एवढी ओरड का होते? परवाना तर आजही लागतोच.

आजचा परवाना बहुधा सुरक्षा, प्रदूषण, कर अशा कारणांसाठी असतो. १९५१च्या उद्योग कायद्याखालचा परवाना वेगळा होता. कारखाना काढू का, किती माल काढू, कुठला नवा माल काढू, सगळं दिल्लीला विचारायचं. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त माल काढला तर तो गुन्हा. बाजारात मागणी आहे, कारखान्यात क्षमता आहे, तरी उत्पादन वाढवता येत नाही, अशी ही गत. आकुर्डीत बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षं नंबर लावून बसत त्याचं कारण हेच.

हेतू वाईट नव्हता. थोडं भांडवल योग्य जागी जावं आणि मूठभर घराण्यांच्या हाती एकवटू नये, यासाठी हे होतं. झालं उलटंच. दिल्लीत ऊठबस असलेल्या मोठ्या घराण्यांनी परवाने आधीच अडकवून ठेवले आणि नव्या उद्योजकाला दार बंद झालं. राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) १९५९मध्ये ‘स्वतंत्र पक्ष’ या नावाचा पक्ष काढला तो प्रामुख्याने याविरुद्ध. लघुउद्योगांसाठी आठशेहून जास्त वस्तू राखून ठेवल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या २०१५मध्ये मोकळ्या झाल्या.

१०. कूळकायद्याने खरंच कसणाऱ्याला जमीन मिळाली का?

अनेकांना मिळाली, अनेकांची हुकली. मुंबई कूळवहिवाट कायदा १९४८चा. त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. तहसील कचेरीत कायद्याच्या ‘३२ ग’ कलमाची चौकशी होऊन किंमत ठरे, ती हप्त्यांनी भरली की ‘३२ म’चं प्रमाणपत्र मिळे. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात आजही लोक हे आकडे नातेवाइकांच्या नावासारखे सहज उच्चारतात.

हुकलं कुठे? कायदा येणार याची कुणकुण लागताच कित्येक जमीनमालकांनी कुळांकडून ‘स्वखुशीचे’ राजीनामे लिहून घेतले. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ज्याचं नाव लागलेलंच नव्हतं, त्याने पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला असला तरी पुरावा कुठून आणायचा? यात दलित आणि आदिवासी कुळं सर्वांत जास्त भरडली गेली. मालक विधवा, अज्ञान (अल्पवयीन) किंवा सैनिक असेल तर खरेदीची तारीख पुढे जाते. त्यामुळे काही प्रकरणं अजून चालू आहेत.

एक अपवाद नेहमी विसरला जातो: हा कायदा सगळ्या महाराष्ट्राचा नाही. मराठवाड्याला १९५०चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागू आहे आणि विदर्भाला १९५८चा वेगळा. आपली जमीन कुठे आहे ते आधी पाहा.

११. हरितक्रांती नसती तर आपण उपाशी राहिलो असतो का?

निदान परावलंबी नक्कीच राहिलो असतो. १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षं पावसाने दगा दिला. १९६६मध्ये एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात करावं लागलं, त्यातलं बरंचसं अमेरिकेच्या पी.एल. ४८० या धान्यमदतीच्या योजनेखाली. अमेरिका जहाजं मुद्दाम हातचं राखून सोडे, कारण भारत व्हिएतनाम युद्धावर टीका करत होता. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं आणि लोकांनी ते ऐकलं.

कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी १९६६मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं मागवलं. एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते इथल्या मातीत रुजवलं. त्याच्या जोडीला अन्न महामंडळ आणि हमीभाव ठरवणारा आयोग आले, दोन्ही १९६५चे. १९६४-६५ ते १९७०-७१ या काळात गव्हाचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं. पण ही क्रांती पाण्याखालच्या गव्हाची होती. ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या कोरडवाहू महाराष्ट्राच्या पदरात त्यातलं फार थोडं पडलं. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

१२. ७२च्या दुष्काळाचं इतकं नाव का घेतात?

कारण त्या दुष्काळातून एक हक्क जन्माला आला. पीक बुडालं, विहिरी आटल्या, शेतमजूरच काय, बऱ्यापैकी जमीन असलेले शेतकरीही खडी फोडायला आले. मे १९७३च्या सुमारास सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. कामावर सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. त्या पिढीतल्या बायकांना विचारा, दगडाच्या कपच्यांनी हात कसे सोलून निघत आणि हजेरीपटावर नाव लागेपर्यंत जीव कसा टांगणीला लागे, ते त्या आजही सांगतील.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी काम मागेल त्याला काम ही कल्पना मांडली होती. १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. पैसा कुठून आला? त्यासाठी १९७५मध्ये शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. नोकरदारांच्या पगारपत्रकावर महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ते याच कराचे. शहराने खेड्याच्या रोजगाराचा भार उचलावा, असं ठरवणारं राज्य म्हणून महाराष्ट्राचा अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. २००५चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा करताना हाच अनुभव डोळ्यांसमोर होता.

१३. बँकांचं राष्ट्रीयीकरण अर्थकारणासाठी झालं की राजकारणासाठी?

वेळ राजकारणाने ठरवली, गरज आधीपासून होती. जुलै १९६९मध्ये काँग्रेस फुटीच्या उंबरठ्यावर होती. मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतल्यावर तीन दिवसांत, १९ जुलैला, वटहुकमाने ५० कोटींपेक्षा जास्त ठेवी असलेल्या १४ बँका सरकारने घेतल्या. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांत होती. फेब्रुवारी १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, तर सरकारने लगेच नवा वटहुकूम काढला. १९८०मध्ये आणखी सहा बँका आल्या.

फायदा दिसतो तो शाखांच्या संख्येत. १९६९ला देशात सुमारे ८ हजार शाखा होत्या, १९९०पर्यंत सुमारे ६० हजार झाल्या. पूर्वी शेतीला बँकेच्या कर्जातले दोनेक टक्के मिळत. तोटाही खरा: कर्ज कोणाला द्यायचं हे पुढाऱ्यांच्या शब्दावर ठरू लागलं आणि बुडीत कर्जांचा डोंगर झाला.

१४. आणीबाणी एकदाच लागली ना?

तीनदा. १९६२मध्ये चीनच्या आक्रमणावेळी, ती १९६८पर्यंत चालली. डिसेंबर १९७१मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा. आणि २५ जून १९७५ला ‘अंतर्गत अशांतते’च्या नावाखाली. तिसरी लागली तेव्हा दुसरी उठलेलीच नव्हती. आर्थिक आणीबाणी, म्हणजे कलम ३६०, मात्र कधीच लागली नाही. १९९१मध्येही नाही.

लोकांच्या लक्षात राहिली ती तिसरी, कारण ती आपल्याच माणसांवर होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जूनला इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली होती. विरोधक तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, १९७६-७७मध्ये ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या कितीतरी जबरदस्तीने. ‘गाड्या वेळेवर धावत होत्या’ असं सांगणाऱ्यांनी मार्च १९७७चा निकाल पाहावा. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. ज्यांना मताचा हक्क द्यावा की नाही असा वाद प्रश्न ४मध्ये आहे, त्यांनीच हे केलं. पुढे ४४व्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला.

१५. १९८०पर्यंतची तीस वर्षं वाया गेली का?

अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी ‘हिंदू रेट ऑफ ग्रोथ’ म्हटलं तो दर साधारण साडेतीन टक्क्यांचा. लोकसंख्येची वाढ वजा केली तर माणशी दीड टक्क्याच्या आत. दक्षिण कोरिया याच काळात फार पुढे गेला. तरीही इंग्रजी अमदानीतल्या पन्नास वर्षांशी तुलना केली तर वेग कितीतरी वाढला होता. आयुर्मान पन्नाशीच्या पुढे गेलं, आणि मोठे भूकबळी टळले.

माझ्या मते या काळातलं सर्वांत मोठं अपयश परवाना पद्धत नाही, प्राथमिक शाळा आहे. घटनेच्या कलम ४५ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत शिक्षण द्यायला सांगितलं होतं. आयआयटी झाल्या, धरणं झाली, पण १९८१लाही निम्म्याहून जास्त देश निरक्षर होता. शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावं लागलं.

१६. १९९१मध्ये देशाचं सोनं खरंच गहाण पडलं होतं का? ते सुटलं का?

हो, दोन खेपांत. मे महिन्यात जप्तीतलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत, परत घेण्याच्या अटीवर, स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने धाडून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं, त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. परकी चलनाची गंगाजळी तेव्हा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती होती. कारणं साचत आली होती: ऐंशीच्या दशकातली उधारी, आखाती युद्धामुळे भडकलेलं तेल, अनिवासी भारतीयांनी काढून घेतलेल्या ठेवी.

तारणावरचं कर्ज त्याच वर्षी फेडलं. २००९मध्ये रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडून उलट २०० टन सोनं विकत घेतलं.

१७. म्हणजे सगळं २४ जुलै १९९१ला एका दिवसात बदललं?

त्या दिवशी बरंच बदललं. मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आणि नवं औद्योगिक धोरण एकाच दिवशी आलं, १८ उद्योग सोडले तर परवाना गेला. त्या महिन्याच्या सुरुवातीला रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं होतं. उद्योगखातं स्वतः नरसिंह राव यांच्याकडे होतं. अल्पमतातलं सरकार चालवणारे हे पंतप्रधान त्याआधी दोनदा आपल्या रामटेकमधून निवडून आले होते.

पण ऐंशीच्या दशकातच वाढीचा दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास गेला होता, काही नियंत्रणं तेव्हाच सैल झाली होती. आणि १९९१नंतरही विमा व्यवसाय खासगी कंपन्यांना १९९९पर्यंत बंद होता, जीएसटी १ जुलै २०१७ला आला. शेतमालाच्या बाजाराला तर त्या दिवशी हातही लागला नाही.

१८. मुंबईच्या गिरण्या उदारीकरणामुळे बंद पडल्या का?

तारखा जुळत नाहीत. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. रीतसर तो कधी मागे घेतलाच गेला नाही. मालकांनी यंत्रं बदलली नव्हती, काम भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होतं, आणि १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्यामुळे कामगारांना नको असलेल्या संघटनेलाच मान्यता होती. १९९१ सालाचा संबंध आहे, पण जमिनीशी. त्या वर्षीच्या विकास नियमावलीतल्या नियम ५८ने गिरण्यांच्या जागेचा काही भाग विकायची वाट मोकळी केली. २००१च्या दुरुस्तीने म्हाडाच्या घरांसाठी आणि मोकळ्या मैदानांसाठी मिळायची जमीन फार कमी झाली. लालबाग-परळमध्ये कामगाराची पीएफची रक्कम अडकलेली आणि शेजारी टॉवर उभा, असं चित्र त्यातून आलं.

१९. गोव्याला यातलं काय लागू होतं?

१९ डिसेंबर १९६१पर्यंत काहीच नाही. पहिल्या दोन योजना आणि पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुका गोव्याविना झाल्या. सर्व प्रौढांनी मतदान केलं ते डिसेंबर १९६३मध्ये, आणि दयानंद बांदोडकरांचं सरकार आलं. कूळकायदा १९६४चा, पण त्याने फक्त संरक्षण दिलं. मालकी देणारी दुरुस्ती १९७६ची. म्हणून प्रश्न १०मधला कृषक दिन गोव्यात दाखवू नका. महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, हे १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात लोकांना थेट विचारलं गेलं, आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने नकार मिळाला. राज्याचा दर्जा आला ३० मे १९८७ला.